परीक्षेचं बिऱ्हाड

राब भाजायचा धूर दारातून आत आला की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. माघ सरत येतो, खाचरं उघडी पडलेली असतात, शेण-पाचोळा पसरून शेतकरी पुढच्या भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून घेतात, आणि नेमके त्याच दिवसांत शाळाशाळांतून निरोपसमारंभ सुरू होतात. सकाळी अंगावर शाल लागते आणि अकराला पाय भाजतात. दहावीच्या मुली आयांच्या साड्या नेसून येतात, पिना टोचून घेतात आणि भाषणाच्या तिसऱ्या वाक्याला रडायला लागतात. मी वीस वर्षं हे बघते आहे. मला निरोपसमारंभ आवडत नाहीत. शाळेतल्या बाकीच्या बाई म्हणतात, तुमचा स्वभावच तिरका. असेल.

यंदा तर परीक्षा माझ्या घरातच येऊन बसली आहे. मुलगा दहावीला आहे. शहापुरातल्या आमच्या दोन खोल्यांतली एक त्याला दिली, टेबल दिलं, दिवा दिला, गणिताचा क्लास वेगळा आणि इंग्रजीचा वेगळा. "आई, भांडी वाजवू नकोस ना," असं आतून ओरडतो. वर्गात माझ्या आवाजाला साठ पोरं दचकतात, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात मी चमचा हळू ठेवते. त्याचे बाबा कसाऱ्याला रेल्वेत आहेत. ड्यूटीवरून आल्यावर तेही टीव्ही लावत नाहीत. मुलाचा चहा पिऊन झालेला कप त्याच्या टेबलावर तसाच राहतो, मी जाऊन उचलते. हा पास होणार, चांगला पास होणार. चांगल्या स्वभावाचं बक्षीस त्याला कोणी देणार नाही आणि त्यावाचून त्याचं काही अडणारही नाही.

हाच मुलगा दीड वर्षाचा असताना मार्चचे पंधरा दिवस एका मुलीच्या कडेवर राहिला. त्याला ते ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही.

तेव्हा मी मुरबाडकडून टोकावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेत होते. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी आटगावची, भातशेतीच्या घरातली. मराठी आणि इतिहास शिकवायचे. शाळेत निम्मी मुलं रस्त्यालगतच्या गावांतली, आणि निम्मी डोंगराच्या पोटातल्या वाड्यांमधून चालत येणारी. वाडीवरची मुलं घरी वेगळं बोलायची, शाळेत वेगळं, आणि माझ्यासमोर बहुतेक वेळ गप्प बसायची. आमचे मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, भला माणूस. त्यांचं म्हणणं असं की मार्कांची बक्षिसं रस्त्यावरच्याच मुलांना जातात, तर निदान एक तरी बक्षीस असं असावं की ते कोणालाही मिळेल. म्हणून त्यांनी निरोपसमारंभात 'आदर्श विद्यार्थी' निवडायची पद्धत पाडली. मार्क बघायचे नाहीत. दया, सचोटी, शाळेबद्दलची माया, एवढंच बघायचं. वर्गातल्या सगळ्यांनी चिठ्ठीवर एक नाव लिहायचं, शिक्षकांनी चिठ्ठ्या उघडायच्या. शाल, नारळ आणि मानपत्र. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. 'निगर्वी, सेवाभावी, शाळेच्या हाकेला सदैव ओ देणारी.' दरवर्षी मजकूर तोच असायचा, देणाराचं मी देणारी करायचे आणि नाव बदलायचे.

त्या वर्षी चिठ्ठ्या उघडायची गरजच नव्हती. एक सोडून सगळ्यांवर मथुराचं नाव होतं. ती एक चिठ्ठी मथुराची स्वतःची.

मथुरा वाडीवरची. शाळेला यायला तिला दीड तास लागायचा आणि शिपायाच्या आधी तीच पोचलेली असायची. खिडक्या उघडायची, माठ भरायची. सांगितलं कोणी? कोणी नाही. एका लहान मुलीच्या पायात काटा मोडून पू झाला, तर हिनं स्वतःची चप्पल तिला दिली आणि पावसाळ्यापर्यंत अनवाणी आली. केंद्राच्या स्पर्धेत शर्यतीत पुढं होती, शेजारची मुलगी पडली म्हणून ही थांबली, तिला उठवलं, गुडघा पुसला. शाळेचा नंबर गेला. खेळाचे सर तिला इतकं बोलले की विचारू नका. तीच गोष्ट पुढं मी मानपत्रात 'खिलाडूवृत्ती' म्हणून घातली.

समारंभाला तिचे वडील आले होते. धुतलेला सदरा, डोक्याला टापशी, शेवटच्या रांगेच्याही मागं उभे. खुर्ची दिली तर बसले नाहीत. मी भाषण केलं. मथुराचं तोंड भरून कौतुक केलं, टाळ्या पडल्या, ती शाल खांद्यावरून घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभी. खाली उतरल्यावर वडील माझ्याकडे आले.

"बाई, पोरगी पास व्हईल ना?"

"होईल की. का हो?"

"वाडीत बालवाडी येतेय. निकाल लागला की बाई नेमणार हायत. दहावी पास पायजे, वाडीतलीच असली तर लय बरं, असं सायब बोलला. आमच्या वाडीत दहावीला ही एकटीच हाय." मग म्हणाले, "नाय झाली तर मंग लगीन. तिकडून विचारून गेलेत. मी थांबवून धरलंय."

मी म्हटलं, काळजी करू नका, आम्ही आहोत ना. हे वाक्य मी इतक्या सहज बोलले की आता आठवलं तरी स्वतःची चीड येते. मथुराला सगळं जमण्यासारखं होतं. फक्त गणित पस्तिसाच्या काठावर. गणिताचे सर म्हणायचे, "पेपरच्या आधी दोन दिवस बसवून घोटून घेतलं तर निघेल ती. दहा-बारा गणितं मी काढून ठेवलीत."

आता परीक्षेच्या बिऱ्हाडाचं सांगायला हवं, कारण हल्लीच्या मुलांना ते कळायचं नाही. बोर्डाचं केंद्र मुरबाडला. आमच्या शाळेपासून ते लांब, वाड्यांपासून त्याहून लांब, आणि एसटी वेळेवर येईल याचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून शाळा दरवर्षी पंधरा दिवसांसाठी मुरबाडला जागा बघायची. ओळखीच्या एका शेतकऱ्याचं भाताचं गोदाम होतं. अर्धं पोत्यांनी भरलेलं, अर्धं आमचं. मधे साडी लावून एका बाजूला मुलगे, एका बाजूला मुली. मुलं घरून तांदूळ, नाचणीचं पीठ, वाल, सुकट, कांदे घेऊन यायची. बरोबर एक सर आणि एक बाई. याला आम्ही परीक्षेचं बिऱ्हाड म्हणायचो. त्या गोदामाचा वास अजून माझ्या नाकात आहे. भाताच्या तुसाचा, चुलीच्या धुराचा आणि घाबरलेल्या पोरांच्या घामाचा. बाहेर चिंचेखाली पुस्तकं घेऊन बसलेली मुलं, वर कावळे, आणि दुपारचा वारा पानं उडवत नेणारा. लांबून बघणाऱ्याला सहल वाटली असती.

त्या वर्षी बाई म्हणून मला जायचं होतं. नवरा कसाऱ्याला, सासूबाई आजारी, म्हणून दीड वर्षाचा मुलगा बरोबर घेतला. नेऊ नकोस असं आई म्हणाली होती. दुसरा इलाज नव्हता. सगळ्यांचा तो बाळच झाला.

स्वयंपाकाच्या पाळ्या मी स्वतः कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. रोज दोन मुली रांधणार, चार मुलगे पाणी आणि लाकडं आणणार. पहिल्या दिवशी ठीक चाललं. दुसऱ्या दिवशी ज्या मुलीची पाळी तिला मराठीचे निबंध पाठ करायचे होते. मथुरा म्हणाली, "जा गो तू वाच. तुझा पेपर हाय उद्या. मी टाकते भाकऱ्या." तिचाही तोच पेपर होता. हे त्या मुलीच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी मुली पाळीचा कागद बघायच्याच बंद झाल्या, आणि पाचव्या दिवशी तो कागद मी काढला. चूल पेटवायला वापरला. मनात म्हटलं, मथुरा करतेच आहे, तिच्या हाताला चवही आहे, उगाच रोज भांडणं कशाला?

मुलगे तिला 'आदर्श' म्हणायला लागले. "आदर्श, चहा हाय का?" "आदर्श, माझी पट्टी बघितलीस?" द्वेषानं नाही, लाडानंच. ती हसायची आणि उठायची. एकदा गणिताचे सर जेवताना म्हणाले, "बाई, हिला जरा मोकळी ठेवा." मी म्हटलं, "मी कुठं बांधून ठेवलीय? तिला आवडतं." आणि खरंच तिला आवडायचं. हेच तर आहे. तिचं दुःख करायला मला तोंडच नाही. ती आनंदानं करत होती, आणि आम्ही आनंदानं करू देत होतो. आदल्याच महिन्यात त्याबद्दल तिला शाल दिलेली.

गणिताच्या पेपरच्या आदला दिवस मोकळा होता. सरांनी सकाळीच सांगून ठेवलं, जेवणं झाली की चिंचेखाली या, काठावरच्या सगळ्यांना मी घेऊन बसतो. बाळाला दोन दिवस दात येत होते, अंग कोमट, रात्रंदिवस किरकिर. मी अगदी मोडून गेले होते. भांडी घासून मथुरा वही घेऊन निघाली, तर बाळ तिच्याकडे झेपावला. मी म्हटलं, "पाच मिनिटं घे गं त्याला. झोपला की माझ्याकडे दे आणि जा." ती वही खाली ठेवून त्याला घेऊन बसली. मी पोत्याला टेकले.

बाहेरून सरांनी हाक मारली, "मथुरा कुठाय?" मीच आतून उत्तर दिलं, "येतेय, बाळ झोपला की पाठवते." त्यानंतरचं मला आठवत नाही, कारण मी झोपले. त्या वर्षभरात तशी झोपले नव्हते. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, चिंचेखालची मुलं उठून पाय मोकळे करायला गेली होती आणि मथुरा विहिरीवर बाळाची दुपटी धूत होती. बाळ तिच्या पाठीवर ओढणीनं बांधलेला, गाढ झोपेत.

"बाई, तुमाला उठवलं नाय," ती म्हणाली. "लय दमल्या होत्या. तो उठला होता मधेच, मंग मी बाहेरच फिरवला."

मी काय म्हणाले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणाले, "गुणाची गं बाय माझी ती." अभ्यास झाला का, हे विचारलं नाही. संध्याकाळी तिनंच वाल शिजवले आणि भाकऱ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी पेपर देऊन आली, कसा गेला विचारलं तर "बरा गेला" म्हणाली. तिचं सगळंच बरं असायचं.

जूनमध्ये निकाल लागला. पाच-सहा मार्कांनी गणित राहिलं. बाकी सगळ्या विषयांत पास. त्या बिऱ्हाडातली बहुतेक मुलं पास झाली होती, मोठ्या सरांनी पेढे वाटले. मथुरानंही एक घेतला आणि अर्धा धाकट्या भावासाठी कागदात बांधला. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "ऑक्टोबरला परत बसायचं. फॉर्म मी भरून घेते. बसशील ना?" ती म्हणाली, "हो बाई." मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. ती ऑक्टोबरला आलीच नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की मला वाईट वाटू नये म्हणून ती हो म्हणाली होती. ज्या माणसाला दुसरं काही म्हणताच येत नाही, त्याच्या होकारावर कोणी विसंबावं? मी विसंबले. कारण ते सोयीचं होतं. मी वाडीवर गेले नाही, तिच्या वडिलांना भेटले नाही. दीड तासाचा चढ होता.

बालवाडीवर रस्त्यावरच्या गावातली एक पास झालेली मुलगी नेमली. ती बिचारी आठवड्यातून दोनदा चढायची, पावसाळ्यात तेही नाही. पुढच्या माघात मथुराचं लग्न झालं, टोकावड्याच्या बाजूला. मला पत्रिका आली होती. निरोपसमारंभाच्या तयारीत होते, जमलं नाही. त्या वर्षीच्या मानपत्रावर मी दुसऱ्या एका मुलीचं नाव लिहीत होते. निगर्वी, सेवाभावी.

आणि मी ते लिहीतच राहिले, बदली होईपर्यंत. मला कळलं होतं आणि तरी लिहिलं, हे मी कोणापासून लपवत नाही. कधी मनात यायचं, मोठ्या सरांना सांगावं की बंद करा हे, आपण पोरांना शाल देतो आणि तीच शाल बघून सगळे त्यांच्या डोक्यावर हंडे ठेवतात. पण सर हळवे, त्यांना लागलं असतं. शिवाय खरं सांगायचं तर शाळेला अशी मुलं लागतात. प्रत्येक वर्गात एखादी तरी. माठ कोण भरणार? आजारी पोराला घरी कोण पोचवणार? आमच्याकडे शिपाई एक, बाई दोन, सर चार, आणि बाकी सगळा गाडा अशा मुलींवर. बक्षीस मिळालेल्या मुलांपैकी किती पास झाली हे मी कधी मोजलं नाही. मोजायची छाती झाली नाही.

आता मुलाच्या परीक्षेमुळं हे सगळं वर आलंय. तो आतून हाक मारतो, "आई, पाणी," आणि मी तांब्या घेऊन जाते. त्याच्या वहीत गणितं बघते. पानंच्या पानं. कोणी मधे हाक मारत नाही, कोणी मांडीवर पोर आणून ठेवत नाही. मुलांचा अभ्यास असाच व्हायला हवा. पण त्या पानांकडे बघून मला आनंद होत नाही. त्याच्या वाटचं सगळं मी आधीच कोणाकडून तरी घेऊन ठेवलंय, असं वाटत राहतं. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणतो, "पंधरा वर्षं झाली. तू तिला नापास नाय केलीस, बोर्डानं केली." रेल्वेतला माणूस, त्याचं सगळं रुळावर चालतं.

गेल्या रविवारी मी उठले आणि टोकावड्याला गेले. शहापूरहून मुरबाड, तिथून आळेफाट्याची एसटी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुललेले, मोहाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या, आणि सगळीकडे तो राबाचा धूर. मथुरा एका ढाब्यावर भाकऱ्या करते, हे मला एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं होतं. माळशेजला जाणाऱ्या गाड्या तिथं थांबतात. मागच्या पडवीत चुलीपुढं बसलेली. अंग भरलंय, पुढचे केस थोडे पांढरे झालेत, तिशीचीच आहे अजून. मला बघून उठली, हात पिठाचे, तसेच कोपरानं पदर सारखा केला आणि पाया पडली.

"बाळ कसा हाय?" हा तिचा पहिला प्रश्न.

दहावीला आहे म्हटल्यावर खालीच बसली. "अगो बाई. आपला बाळ दहावीला?" शेजारी पीठ मळणाऱ्या बाईला सांगितलं, माझ्या पाठीवर झोपायचा. मग मला म्हणाली, "त्याला चांगलं वाचू द्या हां, बाई. घरातलं काय सांगू नका."

मी तिथंच बोलून टाकलं. म्हटलं, "मथुरा, गणिताच्या आदल्या दिवशी मी झोपून गेले होते. तुझा अभ्यास राहिला. माझ्यामुळं राहिला." पंधरा वर्षं घोळवलेलं वाक्य, दोन सेकंदांत संपलं.

ती भाकरी थापत होती. थापून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "जाऊ द्या ना बाई," म्हणाली. "मला गणित येतच नव्हतं तसं." मला ठाऊक आहे की हे खोटं आहे. सरांनी काढून ठेवलेल्या गणितांतली तीन पेपरात आली होती. तिलाही ते ठाऊक असणार, निकालानंतर मुलं तेवढंच बोलत होती. मी ओझं उतरवायला गेले होते, आणि तिनं ते नेहमीसारखं स्वतःकडे घेतलं. मी देऊनही टाकलं.

मग ती मुलीबद्दल सांगायला लागली. मुलगी सहावीत आहे. "मार्क जरा कमी हायत," मथुरा म्हणाली, "पण शाळेत सगळ्या बाई तिचंच नाव घेतात. पाणी भरायचं असू दे, वर्ग झाडायचा असू दे, बाईंचा डबा आणायचा असू दे, तीच. बाई बोलल्या, हिला दहावीला नक्की बक्षीस मिळणार." असा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर तिच्या स्वतःच्या सत्काराला पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "मथुरा, माझं ऐक. तिला नाही म्हणायला शिकव. अभ्यास असला की सरळ सांगायचं, बाई, मला वेळ नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी काही वेड्यासारखं बोलले, पण मोठं माणूस आहे म्हणून हसायचं नाही, असं.

"बाईंना नाय कशी म्हणंल ती?" मथुरा म्हणाली. "मी तरी तुमाला कुठं म्हटलं?"

आणि जेवून जा म्हणून तिनं माझ्यासाठी ताट घेतलं. मी जेवले.